टेबलावर लागते, डोक्यावर विझते : दिव्यांच्या टोपीचा बिघाड शोधताना

डिसेंबर लागला की शाळांच्या गॅदरिंगची धांदल सुरू होते आणि हाताने शिवलेल्या दिव्यांच्या टोप्या दुरुस्तीला यायला लागतात. तक्रार जवळपास प्रत्येकाची एकच असते. घरी टेबलावर ठेवून लावली तर टोपी झकास लागते, डोक्यावर घालून दोन पावलं नाचलं की बंद. खाली काढून ठेवली की पुन्हा सुरू. मग कुणी बोर्ड (दिवे चालवणारं छोटं सर्किट) बदलतं, कुणी प्रोग्राम परत टाकतं, कुणी नवी बॅटरी आणतं. टोपी एक-दोन दिवस बरी चालते आणि ऐन तालमीत पुन्हा तेच.

हा बिघाड पुन्हा पुन्हा येतो, कारण दुरुस्ती भलत्याच ठिकाणी झालेली असते. बोर्ड क्वचितच जातो, प्रोग्राम तर आपोआप बिघडत नाहीच. जिथे मऊ कापड आणि कडक भाग एकत्र येतात, म्हणजे वीज नेणारा धागा आणि पॅड (बोर्डावरची, दिव्यांवरची धातूची टोकं), तार आणि सोल्डर, पट्टी आणि शिवण, तिथेच बहुतेक वेळा दोष सापडतो. हा दोष दिसायला दोन गोष्टी एका वेळी घडाव्या लागतात : टोपी वाकलेली हवी आणि दिवे खरोखर करंट ओढत असायला हवेत. टोपी सपाट ठेवून, बॅटरी काढून, मल्टीमीटरचा (वीज मोजायच्या मीटरचा) जोडणी सलग असल्याचा नुसता बीप ऐकून तपासणी केली तर सगळं ठीकच दिसणार.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नेहमीची टोपी समोर धरू. फेल्टची घेरदार टोपी, डोक्याचा घेर ५७ सेंमी. पट्ट्यावर १२ सुटे पिक्सेल, म्हणजे हव्या त्या रंगात लावता येणारे डब्ल्यूएस२८१२बी जातीचे दिवे. निओपिक्सेल या नावाने विकले जातात तेच हे. मागच्या बाजूला अस्तरात एक छोटा बोर्ड आणि ३.७ व्होल्टची, ५०० मिलिअँपिअर-अवरची लिथियम पॉलिमर बॅटरी. तुमचा बोर्ड लिलीपॅड असेल, जेम्मा असेल किंवा बाजारात सहज मिळणारा डिजिस्पार्क असेल, पुढचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

आधी टोपी नेमकी कशी बंद पडते ते बघा

सुई-कात्री हातात घेण्याआधी टोपी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर घाला, मान हलवायला सांगा आणि समोर बसून नीट पाहा. बंद पडायच्या पद्धतीवरून अर्धा शोध लागतो.

सगळे दिवे एकदम विझले आणि पुन्हा लागले तर नक्षी, म्हणजे दिवे लागण्या-विझण्याचा क्रम, कुठून सुरू होते ते पाहा. पहिल्यापासून सुरू झाली तर बोर्ड रिसेट झालाय. म्हणजे वीज बोर्डापर्यंतच पोचली नाही किंवा व्होल्टेज क्षणभर खाली गेलं. बॅटरीचा कनेक्टर, स्विच आणि बोर्डावर येणाऱ्या दोन तारा, एवढीच जागा तपासायची. नक्षी मधूनच, जणू काही झालंच नाही अशी पुढे चालू झाली तर बोर्ड जागा होता आणि वीज फक्त पिक्सेलची तुटली होती. मग दोष बोर्डाच्या पुढे, पिक्सेलकडे जाणाऱ्या प्लस किंवा मायनसमध्ये. हा फरक कळावा म्हणून मी चाचणीसाठी एक साधा प्रोग्राम ठेवते : बोर्ड चालू होताना पहिला पिक्सेल एकदा हिरवा होतो आणि मगच नक्षी लागते. हिरवा दिसला की रिसेट. अंदाज बांधत बसायची गरज नाही.

पहिले पाच दिवे नीट आणि सहाव्यापासून पुढे सगळे बंद किंवा भलत्याच रंगाचे, असं असेल तर डेटा, म्हणजे कुठला रंग लावायचा हा बोर्डाचा निरोप, तुटलाय. या पिक्सेलमध्ये डेटा एकातून दुसऱ्यात जातो आणि प्रत्येक पिक्सेल तो ताजा करून पुढे ढकलतो. त्यामुळे शोधायची जागा अगदी छोटी असते : पाचव्याचं बाहेर जाणारं टोक, सहाव्याचं आत येणारं टोक आणि मधला धागा. सहावा पिक्सेलच मेलाय का हे पाहायचं असेल तर क्रोकोडाइल क्लिपची तार घेऊन पाचव्याचं बाहेरचं टोक थेट सातव्याच्या आतल्या टोकाला जोडा. सातव्यापासून पुढे सगळं लागलं, तर बिघाड सहाव्यात किंवा त्याच्या दोन बाजूंच्या टाक्यांत.

तिसरी खूण फार बोलकी आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सगळे पिक्सेल पांढरे करा. बॅटरीजवळचे स्वच्छ पांढरे आणि लांबचे पिवळट, नारिंगी दिसत असतील तर लांब व्होल्टेज पोचत नाही. निळ्या आणि हिरव्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास. व्होल्टेज घसरलं की आधी निळा मंदावतो, मग हिरवा. लाल शेवटपर्यंत तग धरतो. उंच इमारतीत वरच्या मजल्याला पाण्याचा जोर कमी पडतो, तसंच हे.

आणि टोपी न हलवताही ठराविक वेळाने, समजा अर्ध्या मिनिटाने, गपकन बंद होत असेल आणि तुम्ही ती पॉवर बँकेवर चालवत असाल, तर टोपीत काही बिघडलेलं नाही. फोन पूर्ण चार्ज झाला असं समजून पॉवर बँक स्वतःला बंद करते, कारण टोपी फारच थोडा करंट ओढते. काही पॉवर बँकांत इअरफोन, घड्याळ यांच्यासाठी कमी करंटचा मोड असतो, तो लावा. नाहीतर तीन एएए सेलचा डबा घ्या. साडेचार व्होल्टमध्ये काम होतं.

तपासणी डोक्यावर, किंवा डोक्यासारख्या गोल वस्तूवर

टोपी उपड्या प्लास्टिकच्या डब्यावर किंवा छोट्या कुंडीवर चढवा, म्हणजे ती घातल्यासारखी ताणली जाईल. स्टीलचं पातेलं घेऊ नका. आतल्या बाजूचे टाके धातूला टेकतील आणि नसलेला शॉर्ट तयार होईल.

आता टोपी चालू ठेवून लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक सांधा हळूच दाबत जा. बॅटरीच्या कनेक्टरपासून सुरुवात, मग स्विच, मग बोर्डाचे पॅड, मग पिक्सेल क्रमाने. दिवा लुकलुकला की त्या जागी शिंप्याच्या खडूने खूण करायची आणि पुढे जायचं. तिथेच थांबून दुरुस्त करायला बसू नका. एका सैल टोपीत बहुधा तीन-चार जागा सापडतात, आणि एक दुरुस्त करताना शेजारची सुटते.

मग मल्टीमीटर. डीसी व्होल्टवर लावा, टोपी पांढऱ्यावर चालू ठेवा, आधी बॅटरीवर मोजा आणि मग सगळ्यात लांबच्या पिक्सेलच्या प्लस-मायनसवर. बॅटरीवर ३.९ आणि लांब ३.८ असेल तर छान. लांब ३.२ दिसले तर ०.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होतायत. मग एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवायचं आणि दुसरं टोक प्लसच्याच रेषेवर एकेका सांध्यावर नेत जायचं. आकडा जिथे एकदम उडी मारतो, तिथे दोष. मायनसची रेषाही तशीच तपासा. लोक प्लस तपासतात आणि मायनस विसरतात. माझ्याकडे येणाऱ्या टोप्यांत सैल सापडणारी रेषा बऱ्याचदा मायनसचीच असते.

बीपच्या चाचणीवर एवढा अविश्वास का, तर तो बीप शून्य ओहमलाच वाजतो असं नाही. मीटरच्या मॉडेलप्रमाणे तीस-चाळीस ओहमपर्यंतही वाजतो. वीस ओहमचा खराब सांधा बीपला पास होतो आणि २०० मिलिअँपिअर ओढले की त्याच सांध्यात ४ व्होल्ट पडायला हवेत. ३.७ च्या बॅटरीत तेवढे नाहीतच. बीपचा खरा उपयोग शॉर्ट शोधायला : बॅटरी काढून प्लस आणि मायनस यांच्यात तपासा. टोपीत कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) असेल तर आधी क्षणभर बीप येईल आणि थांबेल. तो कपॅसिटर भरल्याचा बीप आहे, घाबरू नका. अखंड वाजत राहिला तर मात्र कुठेतरी धागे भिडलेत.

धाग्याकडून तारेचं काम करून घेऊ नका

वीजवाहक धागा हातात घेतला की सगळी टोपी त्यानेच शिवावीशी वाटते. ली ब्युकली यांचा लिलीपॅड २००७ मध्ये स्पार्कफनतर्फे बाजारात आला, तेव्हापासून शिवता येणारं इलेक्ट्रॉनिक्स घराघरांत पोचलं आणि पॅडच्या भोकातून सुई घालून सर्किट शिवायची ती मजा खरोखर मोठी आहे. पण ते सर्किट थोड्या एलईडींचं असतं. बारा रंगीत पिक्सेलची गोष्ट वेगळी.

हिशेब करून बघा. स्टेनलेस स्टीलचा तीनपदरी धागा फुटाला साधारण १० ओहम असतो, दोनपदरी त्याहून जास्त. आपल्या टोपीत मध्यम उजेडाला एक पिक्सेल २० मिलिअँपिअर ओढतो असं धरू. वीज दोन्ही बाजूंनी दिली तरी अर्ध्या घेरावर सहा पिक्सेल, म्हणजे १२० मिलिअँपिअर. प्रत्येक पिक्सेलला करंट वाटत जातो म्हणून सरासरी ६० धरा. अर्धा घेर जवळपास एक फूट, म्हणजे १० ओहम. ०.०६ गुणिले १० म्हणजे ०.६ व्होल्ट प्लसच्या धाग्यात गेले आणि तेवढेच मायनसच्या. बॅटरीचे ३.७ लांबच्या पिक्सेलला २.५ होऊन मिळतात. या पिक्सेलला कागदोपत्री किमान ३.५ लागतात. सांधे कितीही सुंदर शिवलेत तरी ही टोपी कधीच नीट लागणार नाही.

तोच अर्धा घेर ३० गेजच्या मऊ सिलिकॉन तारेने जोडला तर रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आसपास येतो आणि व्होल्टेज एक शतांश व्होल्टने घसरतं. म्हणून माझं ठाम मत : प्लस आणि मायनस तारेने, डेटा हवा तर धाग्याने. डेटाच्या रेषेत करंट नाममात्र असतो, तिथे दहा-वीस ओहमने काही बिघडत नाही. तार पट्ट्याच्या आत लपते, वरून दिसणारी नक्षी धाग्याची ठेवता येते, म्हणजे शिवणाची हौसही भागते.

टोपी आधीच पूर्ण शिवून झाली असेल आणि उसवायची नसेल तर दोन उपाय. धागा बोर्डापाशी सुरू होऊन घेरभर जाऊन शेवटच्या पिक्सेलला संपत असेल, तर प्लसचं शेवटचं टोक पुन्हा बोर्डाच्या प्लसला आणि मायनसचं मायनसला जोडून कडी पूर्ण करा. सगळ्यात लांबच्या पिक्सेलला मग दोन वाटांनी वीज मिळते. डेटाची कडी मात्र पूर्ण करायची नाही, ती शेवटच्या पिक्सेलला संपलीच पाहिजे. दुसरा उपाय म्हणजे त्याच रेषेवरून दुसरा धागा शिवणं. दोन धागे शेजारी शेजारी, रेझिस्टन्स निम्मा. आणि उजेड कमी करा. अंधाऱ्या रंगमंचावर पूर्ण उजेडाच्या एक चतुर्थांशावर चालणारी टोपी मागच्या रांगेतूनही ठळक दिसते.

गाठी आणि टाके

स्टीलचा धागा सुती धाग्यासारखा वागत नाही. त्याला स्प्रिंगसारखा ताण असतो, साधी गाठ मारली की तो हळूहळू सरळ होऊ पाहतो आणि गाठ आपोआप उकलते. म्हणून टोपी शिवली त्या दिवशी चालते आणि पंधरवड्याने बंद पडते. पॅडच्या भोकातून तीन-चार वेढे घ्या, प्रत्येक वेढा ओढून पॅडच्या धातूवर घट्ट बसवा, मग गाठ मारा. गाठ पॅडवर नको, कापडाच्या मागच्या बाजूला मारा.

गाठीवर नेलपॉलिशचा थेंब देतात तो योग्यच आहे, फक्त क्रम चुकवू नका. आधी टोपी चालू करून, वाकवून, हलवून बघायची आणि सांधा पक्का आहे याची खात्री झाली की मग थेंब, तोही गाठीवरच. पॅडवर ओघळलेलं नेलपॉलिश धागा आणि धातू यांच्यात शिरतं, आणि ते वीज नेत नाही. दुरुस्तीला आलेल्या टोप्यांत असे चकचकीत, सुबक आणि पूर्ण बंद सांधे पुष्कळ बघायला मिळतात. तिथे ॲसिटोनने खटपट करण्यापेक्षा धागा कापून नवीन शिवणं बरं. ॲसिटोनने फेल्टचा रंग जातो आणि कृत्रिम फेल्ट असेल तर कापडच खराब होऊ शकतं.

गाठीची शेपटं अगदी तळापासून कापा. या धाग्याची टोकं पिंजतात, केसापेक्षा बारीक तंतू शेजारच्या रेषेला टेकतात आणि टोपी विशिष्ट बाजूला मान वळवली की बंद पडते. अशा वेळी टोपी उन्हात धरून भिंगातून पाहा, तंतू चमकून दिसतात. प्लस आणि मायनस या रेषांमध्ये निदान बोटभर अंतर असू द्या. त्यांना एकमेकींना ओलांडून जायचंच असेल तर एक रेषा फेल्टच्या वरून, दुसरी खालून, आणि मध्ये सुती कापडाचा तुकडा.

पिक्सेल जिथे बसतो त्याच्या मागे बकरम लावा. शिंपी कॉलरमध्ये घालतात तेच. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा गोल तुकडा पुरतो. तेवढी जागा कडक राहते, मग वाकणं पिक्सेलच्या कडेवर न होता त्याच्या पलीकडे मोकळ्या कापडात होतं आणि टाक्यांवर ताण येत नाही. दुरुस्तीच्या सगळ्या युक्त्यांमध्ये एकच निवडायला सांगितली तर मी हीच सांगेन.

सोल्डरच्या शेजारी तुटणारी तार

धाग्याऐवजी तार वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. सोल्डर केलेला थेंब सहसा सुटत नाही. तार तुटते ती थेंबाच्या अगदी कडेला. सोल्डर तापल्यावर तारेच्या बारीक पदरांमध्ये थोडं आत ओढलं जातं आणि तेवढी दोन-तीन मिलिमीटर तार ताठ होते. ताठ भाग संपतो आणि मऊ भाग सुरू होतो, नेमकं तिथे प्रत्येक हालचालीला वाकणं होतं. एकेक पदर तुटत जातो. वरून सिलिकॉनचं आवरण जसंच्या तसं असतं, म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही. संशय असेल तिथे तार चिमटीत धरून हलकेच ओढा. आत तुटलेली असेल तर आवरण रबरासारखं ताणलं जातं.

नव्याने सोल्डर करून तीच तार तशीच सोडली तर ती तिथेच पुन्हा तुटणार. तारेला सांध्यापाशी छोटासा वळसा द्या आणि सांध्यापासून सेंटीमीटरभर अंतरावर ती साध्या धाग्याने कापडाला टाचून टाका. मग ओढ टाक्यावर येते आणि सोल्डर शांत राहतं.

एलईडीची तयार पट्टी वापरली असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ही पट्टी तोंड वर-खाली करून छान वाकते, पण आडवी, म्हणजे तिच्याच पातळीत वळवली की आतलं तांबं तडकतं. डोक्याभोवतीच्या उभ्या पट्ट्यावर ती बसते. घेराची कड मात्र सपाट वर्तुळ असते, तिथे पट्टी बसवायची तर ती आडवीच वळवावी लागते. म्हणून कडेवर लावलेल्या पट्ट्या पुन्हा पुन्हा तुटतात, आणि त्या कितीही सोल्डर केल्या तरी टिकत नाहीत. पट्टी कापायच्या खुणांवर कापून एकेक पिक्सेल सुटा करा आणि मध्ये मऊ तार टाका. काम वाढतं, पण कडेला दुसरा टिकाऊ मार्ग नाही.

बॅटरी आणि उजेडाचा हिशेब

पूर्ण पांढऱ्या उजेडात एका पिक्सेलला ६० मिलिअँपिअर धरायची रीत आहे. काही नवीन चिप कमी ओढतात. बारा पिक्सेल म्हणजे ७२० मिलिअँपिअर, आणि आपली बॅटरी ५०० मिलिअँपिअर-अवरची. नक्षीत सगळे दिवे एकदम पांढरे होणारा एखादा क्षण असेल तर त्याच क्षणी व्होल्टेज कोसळून बोर्ड रिसेट होतो. गाण्याच्या ठरावीक ओळीला टोपी बंद पडते अशी तक्रार आली की मी आधी नक्षीतला पांढरा भाग शोधते. प्रोग्राममध्ये वापरायच्या फास्टएलईडी या तयार लायब्ररीत किती व्होल्टला कमाल किती मिलिअँपिअर वापरायचे हे ठरवून देता येतं, ते वापरा. १८० वर बांधून ठेवलं तर या बॅटरीवर अडीच तास आरामात निघतात.

डिजिस्पार्क वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : त्यातला एटीटायनी८५ हा चिप साधारण १६.५ मेगाहर्ट्झवर चालवला जातो, आणि १० मेगाहर्ट्झच्या वरचा वेग निर्मात्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे ४.५ व्होल्टपासून पुढेच आहे. ३.७ व्होल्टवर तो बहुधा चालतो, पण बॅटरी उतरत आली की अडखळायला लागतो. वेग ८ मेगाहर्ट्झवर आणला तर बरेच विचित्र बिघाड नाहीसे होतात.

३.३ व्होल्टचा बोर्ड आणि ५ व्होल्टवर चालणारे पिक्सेल, हाही नेहमीचा घोळ. पिक्सेलला डेटाचा सिग्नल त्याच्या पुरवठ्याच्या निदान ०.७ पट लागतो. पाचाचे ३.५ होतात, बोर्ड देतो ३.३. कधी चालतं, कधी रंग वेडेवाकडे. पिक्सेल थेट लिथियम बॅटरीवर घ्या : बॅटरी पूर्ण भरलेली, ४.२ वर असली तरी ०.७ पट म्हणजे २.९४, आणि ३.३ त्याला भरपूर होतात.

लुकलुकणं थांबवायला मोठा कपॅसिटर लावावा असा सल्ला सर्रास मिळतो. कपॅसिटर असावाच, पण सैल सांध्यावर इलाज म्हणून तो नको. सांधा क्षणभर सुटतो तेव्हा कपॅसिटर वेळ मारून नेतो आणि दोष लपतो. आधी सांधा पक्का करा, मग कपॅसिटर.

नवीन बॅटरी घेतल्यावर जोडण्याआधी मल्टीमीटरने प्लस-मायनस बघायलाच हवं. छोट्या पांढऱ्या दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये लाल आणि काळी तार कोणत्या बाजूला हे सगळे विक्रेते सारखं ठेवत नाहीत. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेत असाल तर दुकानातच बोर्ड शेजारी धरून ताडून बघा. बॅटरीसाठी अस्तरात वेल्क्रोचा सुटा खिसा करा, टोपीच्या वळणावर ती वाकवून बसवू नका आणि ती आत असताना त्या भागात सुई कधीच घालू नका. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही. डोक्याला चिकटून असलेली वस्तू आहे ती.

घाम

पहिली वीस मिनिटं सगळं ठीक, मग नक्षी आपोआप बदलते किंवा दिवे वेडेपणा करतात, अशी टोपी आली की मी कपाळाजवळची बाजू उलटून बघते. घामातलं मीठ वीज नेतं. नक्षी बदलायचं बटण बोर्डाच्या आतल्या पुल-अपवर (बटण न दाबता रेषा प्लसला धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरवर) असेल तर तो बऱ्याच बोर्डांत २० ते ५० किलोओहम असतो. ओला झालेला पट्टा तेवढ्याच रेझिस्टन्सचा रस्ता तयार करतो आणि बोर्डाला वाटतं बटण दाबलं. बटणाला बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर प्लसकडे लावला की हा प्रकार थांबतो.

बाकी उपाय शिवणाचे. वीज असलेला कुठलाही टाका कपाळाला टेकेल असा ठेवू नका. आतून सुती अस्तर, आणि त्याच्या आत टिचबटणांनी लागणारी, काढून धुता येणारी घामपट्टी. तांब्याच्या पॅडवर हिरवट थर आला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा आणि पूर्ण वाळल्यावरच बॅटरी लावा. चांदीचा मुलामा असलेला धागा काळसर पडला असेल तर तो बदलाच. स्टीलचा धागा या बाबतीत टिकतो.

लहान मुलांच्या बटणसेलच्या टोप्या

पिक्सेल नसलेल्या, नुसत्या चार-सहा एलईडींच्या टोप्यांमध्ये बहुधा सीआर२०३२ असतो. तीन व्होल्ट, २२० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास. पण तो घड्याळासारख्या, अगदी थोडा करंट ओढणाऱ्या वस्तूंसाठी केलेला आहे. वीस-तीस मिलिअँपिअर मागितले की त्याचं व्होल्टेज बसतं, दिवे मंद होतात. थोडा वेळ बंद ठेवला की तो सावरतो आणि दिवे परत छान लागतात, म्हणून सगळ्यांचा संशय धाग्यावर जातो. टोपी विसावल्यावर चांगली लागत असेल तर आधी सेल बदलून बघा, आणि पुढच्या टोपीला दोन एएए सेल द्या.

लाल आणि पांढरे एलईडी एकाच सेलवर थेट समांतर जोडले असतील तर फक्त लालच लागतात, पांढरे मेल्यासारखे दिसतात. पांढरे चांगले असतात. लाल कमी व्होल्टेजला लागतो आणि सेलचं व्होल्टेज आपल्या पातळीवर खाली ओढून ठेवतो. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या किंवा एका टोपीत एकाच जातीचे रंग ठेवा.

आणि या टोप्यांत सेलचा डबा स्क्रूने बंद होणाराच हवा. बटणसेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकून तासा-दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. तसा संशय जरी आला तरी वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा. कार्यक्रम संपला की टोप्या गोळा करताना प्रत्येक डब्यातला सेल मोठ्या माणसाने स्वतः काढून मोजून ठेवावा, मगच टोप्या आत कागदाचे बोळे भरून, घडी न घालता खोक्यात जाऊ द्याव्यात.